ह्रुदका: ईस्टरच्या परडीतला अंड्यांचा गोळा

अंडी आणि दूध एकत्र फेटून मंद आचेवर ढवळत राहायचे, मिश्रण फाटले की फडक्यात बांधून टांगायचे आणि गार झाल्यावर सुरीने काप करायचे, की झाली ह्रुदका. फिकट पिवळा, चेंडूसारखा गोल आणि अंगावर फडक्याच्या विणीचे ठसे उमटलेला हा गोळा पूर्व स्लोव्हाकियातल्या झेंप्लिन, शारिश आणि स्पिश या भागांत ईस्टरच्या ताटात असतोच असतो. कार्पेथियन डोंगररांगांत राहणाऱ्या रुसिन लोकांकडेही तो होतो, मग त्यांची गावे आज स्लोव्हाकियात असोत, युक्रेनमध्ये असोत की पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात. गाव बदलले की नावही बदलते. कुणी ह्रुदका म्हणते, कुणी सिरेक, कुणी सिरेत्स. अमेरिकेत गेलेल्या घरांमधून त्याला सरळ ‘एग चीज’ किंवा ‘ईस्टर चीज’ म्हटले जाते.

चीज म्हणायचे ते केवळ त्याच्या रूपावरून. खरे चीज करताना दुधात रेनेट हे विकर घालतात आणि बहुतेक वेळा विरजणासारखे जिवाणूही सोडतात. पनीर करायचे तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागते. ह्रुदकेत यातले काहीही पडत नाही. दूध अंड्यांमुळे आणि आचेमुळे धरते, आणि अंडीही चवीपुरती नसतात. एक लिटर दुधाला एक डझन अंडी हे अनेक घरांतले रूढ माप आहे. दुधाच्या पदार्थात अंडी घातली आहेत की अंड्यांच्या पदार्थात दूध, असा प्रश्न पडावा असेच हे प्रमाण. एका मध्यम अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे बारा अंड्यांत सत्तरच्या आसपास, तर लिटरभर गाईच्या दुधात ती 33 ग्रॅमच्या जवळपास भरतात. हिशेब अंड्यांच्या बाजूने दुप्पट आहे.

एका पदार्थात डझनभर अंडी घालण्याची चैन डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना परवडली कशी, याचे उत्तर उपवासाच्या कॅलेंडरात आणि कोंबडीच्या शरीरधर्मात सापडते. या भागातले अनेक लोक ग्रीक कॅथलिक आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी काही धर्मगुरूंनी 1646 मध्ये उझहोरोद येथे रोमच्या पोपचे प्रमुखपद मान्य केले, पण उपासनेची रीत आणि उपवासाचे नियम पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेचेच ठेवले. पश्चिमेकडच्या कॅथलिकांचा ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. या पूर्वेकडच्या रीतीत तो सोमवारी सुरू होतो आणि त्याआधीच्या दोन रविवारी घरातले एकेक अन्न बाजूला पडत जाते. पहिल्या रविवारनंतर मांस बंद, दुसऱ्यानंतर दूध, लोणी, चीज आणि अंडीही बंद. पुढचे जवळजवळ सात आठवडे जुन्या नियमाप्रमाणे धान्य, बटाटे, कडधान्ये, आंबवलेली कोबी आणि वाळवलेल्या अळंब्या यांवर काढायचे.

कोंबड्यांना अर्थातच उपवास नसतो. कोंबडीचे अंडी घालणे दिवसाच्या उजेडावर अवलंबून असते. पूर्व स्लोव्हाकिया साधारण 49 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि गावठी कोंबड्या अंडी घालणे जवळजवळ थांबवतात. मार्च सरता सरता दिवस साडेबारा तासांच्या पुढे जातो आणि खुराड्यात पुन्हा अंडी दिसू लागतात. याच सुमारास गाई वितात आणि दूधही वाढते. म्हणजे उपवास ऐन भरात असतो तेव्हाच घरात अंडी आणि दूध दोन्ही सर्वांत जास्त असते, आणि खायची मात्र मनाई. दुधाचे लोणी करून ठेवता येते. कवचातली अंडी थंड तळघरात काही आठवडे टिकतात. काही अंडी मेणाने नक्षी काढून रंगवायला जातात, काही ईस्टरच्या गोडसर पावात जातात, आणि तरीही टोपली रिकामी होत नाही. बारा अंडी एका झटक्यात संपवणारा पदार्थ चैनीचा वाटतो खरा, पण मुळात ती साठलेल्या मालाची विल्हेवाट होती.

आज उपवास बराच सैल झाला आहे. ग्रीक कॅथलिकांमध्ये कडक पथ्य बहुतेक ठिकाणी पहिल्या सोमवारी आणि गुड फ्रायडेलाच बंधनकारक राहिले आहे, आणि अंडी बाजारात बारा महिने मिळतात. कारण उरले नाही तरी पदार्थ उरला. सणाचे बहुतेक पदार्थ असेच टिकतात.

ह्रुदका करायचा दिवस म्हणजे पवित्र आठवड्यातला गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवारची सकाळ. ती रात्रभर गार होऊन घट्ट व्हायला हवी आणि आशीर्वादाच्या वेळेआधी परडीत पडायला हवी, एवढे गणित सांभाळायचे. जाड बुडाचे, पसरट पातेले लागते. अंडी त्यात फोडून आधी नीट फेटून घेतात, पण फेस येईपर्यंत नाही, कारण हवा कोंडली गेली तर गोळ्यात भोके पडतात. पांढऱ्याचे धागे राहिले तर मिश्रण चाळणीतून गाळून घेतात. मग गार दूध, चमचाभर मीठ आणि घरच्या रीतीप्रमाणे साखर. दोन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत साखर घालणारी घरे आहेत.

पातेले मंद आचेवर चढले की पुढची पंधरा ते पंचवीस मिनिटे तिथून हलता येत नाही. लाकडी उलथन्याने बूड खरवडत, कोपरे न सोडता एकसारखे ढवळायचे. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही आणि नवखा माणूस नेमका याच वेळी आच वाढवतो. तसे केले की बुडाला थर धरतो, करपतो आणि करपलेल्या दुधाचा वास साऱ्या गोळ्याला लागतो. तो नंतर कशानेही जात नाही. ज्यांना आचेचा भरवसा नसतो ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरे पातेले ठेवून काम करतात. वेळ जास्त जातो, पण करपण्याची भीती उरत नाही.

मिश्रण आधी किंचित दाटते आणि उलथन्याला साय धरल्यासारखे चिकटते. या क्षणी ते उत्तम कस्टर्ड असते, आणि कस्टर्ड करणारा स्वयंपाकी इथेच घाईने पातेले उतरवतो. ह्रुदका करणारी बाई ढवळत राहते. मिनिटभरात कडेला बारीक रवाळ कण दिसतात, मग ते एकमेकांना धरून मोठे होतात, आणि शेवटी पातेल्यात पिवळ्या गुठळ्या एकीकडे आणि पाणी दुसरीकडे अशी स्वच्छ फारकत होते. पाणी दुधट दिसत असेल तर अजून अवकाश आहे. ते पारदर्शक, हिरवट पिवळे झाले की आच बंद. हा हिरवट रंग रायबोफ्लेविन या ब जीवनसत्त्वाचा असतो, काही बिघडल्याचा नव्हे.

चाळणीत ओले करून पिळलेले मलमलचे दुहेरी फडके आधीच पसरून ठेवलेले असते. सगळे त्यात ओतायचे, पाणी निथळू द्यायचे, फडक्याची चारी टोके एकत्र करायची आणि पीळ देत गाठोडे घट्ट आवळायचे. गोळ्याचा आकार, त्याची गुळगुळीत पाठ आणि सुरीखाली तो भुगा होणार की सरळ काप देणार, हे सारे या पिळावर ठरते. गुठळ्या गरम असतानाच एकमेकींना चिकटतात. गार झाल्यावर कितीही दाबले तरी त्या सुट्याच राहतात. त्यामुळे हात पोळत असताना पीळ द्यावा लागतो, आणि घरातल्या जाणत्या बाईकडेच हे काम येते. वर दोरा बांधून गाठोडे नळाच्या तोटीला किंवा भांड्यावर आडव्या ठेवलेल्या लाकडी चमच्याला टांगतात. मधूनमधून पुन्हा पीळ द्यायचा. दोन-तीन तासांत ठिबकणे थांबते. मग फडक्यासकट गारव्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सोडतात.

पातेल्यात घडते ते असे. दूध नुसते उकळले तर फाटत नाही, कारण त्यातले केसिन हे मुख्य प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. त्याला आंबटपणा किंवा रेनेट लागते. अंड्यातली प्रथिने मात्र नाजूक असतात. पांढऱ्यातली काही साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागतात, तर ओव्हाल्ब्युमिन हे त्यात सर्वांत जास्त प्रमाणात असलेले प्रथिन 80 अंशांच्या वर. दुधाने ती विरळ झालेली असतात, त्यामुळे मिश्रण धरायला 80 ते 85 अंशांपर्यंत जावे लागते आणि साखर हा आकडा आणखी थोडा वर नेते. उलगडलेले धागे एकमेकांत अडकून जाळे तयार होते, आणि दुधातली प्रथिने, चरबी आणि बरेचसे पाणी त्यात कोंडले जाते. आच तशीच चालू राहिली आणि ढवळणेही थांबले नाही तर जाळे आवळते, तुटते आणि पाणी बाहेर टाकते. कस्टर्डमध्ये हा बिघाड, ह्रुदकेत हेच साध्य. मराठी घरांत चिकाचा खरवस याच जातीच्या क्रियेने धरतो. चिकातली रोगप्रतिकारक प्रथिने वाफेवर आपोआप घट्ट होतात, त्यातही विरजण किंवा आंबट काही पडत नाही. खरवस मात्र ढवळत नाहीत, म्हणून त्याचे पाणी आतच राहते आणि वडी लुसलुशीत होते.

आच किती वेळ द्यायची याला वरचीही मर्यादा आहे. पाणी सुटल्यावरही खळखळून उकळत ठेवले तर गुठळ्या रबरासारख्या चिवट होतात. फार वेळ तापवल्यास पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह एकत्र येऊन राखाडी हिरवट झाकही चढते. अंडी कमी करून काटकसर साधत नाही. जाळे विणायला प्रथिने पुरत नाहीत आणि फडक्यातून गोळ्याऐवजी ओलसर चुरा निघतो. गोळ्याचा पिवळेपणा बलकाच्या रंगावर असतो आणि तो रंग कोंबडीच्या खाण्यावर. हिरवा चारा आणि मका खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांची ह्रुदका हळदीकडे झुकते, कारखान्यातल्या फिक्या अंड्यांची जवळजवळ पांढरी दिसते.

गोड की खारी, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि प्रत्येक घराला आपलीच रीत अस्सल वाटते. खाऱ्या बाजूला मीठ, मिरपूड, कधी जायफळ किंवा चिरलेली कांद्याची पात. गोड बाजूला साखर आणि व्हॅनिला. अमेरिकेत गोड बाजूचे पारडे जड दिसते. ईशान्य हंगेरीतल्या ग्रीक कॅथलिक घरांत याच पदार्थाला शारगातूरो, म्हणजे पिवळे चीज, म्हणतात. तिथे मनुका आणि लिंबाची सालही पडते. खरे तर गोड ह्रुदकाही मिठाई म्हणून खाण्याइतकी गोड नसते. नुसता काप तोंडात टाकला तर चव सौम्य, काहीशी मिळमिळीतच लागते आणि पहिल्यांदा खाणाऱ्याची निराशा होते. हा मिळमिळीतपणा कशासाठी, ते परडी पाहिल्यावर कळते.

ही परडी म्हणजे ईस्टरचे पहिले जेवण. शनिवारी संध्याकाळी किंवा ईस्टरच्या पहाटे ती चर्चमध्ये नेतात. परड्या ओळीने मांडल्या जातात, प्रत्येकीत मेणबत्ती लावतात आणि धर्मगुरू प्रार्थना म्हणत त्यांवर पवित्र पाणी शिंपडतो. आत पास्का नावाचा गोल, अंडी-लोण्याचा पाव, हॅम, लसूण घातलेले सॉसेज, खारवलेली डुकराची चरबी, कोकराच्या आकाराचे लोणी, मीठ, रंगवलेली अंडी आणि किसलेल्या हॉर्सरॅडिशमध्ये कालवलेले बीट असते. वर भरतकाम केलेले फडके. सात आठवडे वर्ज्य असलेली प्रत्येक गोष्ट या एका टोपलीत परत येते आणि प्रत्येकीला काहीतरी अर्थ दिलेला असतो. हॉर्सरॅडिशचे झणझणीत मूळ ख्रिस्ताच्या यातनांचे, बिटाचा लाल रंग त्याच्या रक्ताचा. ह्रुदकेबद्दल अमेरिकेतल्या धर्मग्रामांच्या पत्रकांत छापलेले असते की तिची बेताची चव ख्रिस्ती माणसाने प्रत्येक गोष्टीत पाळायच्या संयमाची खूण आहे. स्वयंपाकघरातल्या अनुभवाला धर्मशास्त्राची इतकी चपखल जोड क्वचितच मिळते.

ताटात हा संयम फार उपयोगी पडतो. हॅम खारट, सॉसेज लसणाचे आणि तेलकट, हॉर्सरॅडिश नाकात झिणझिण्या आणणारे. या सगळ्यांमध्ये गार, मऊ, सौम्य काप आला की तोंडाला विसावा मिळतो. खाण्याची खरी रीत म्हणजे पास्काच्या कापावर लोणी, त्यावर हॅमचा पातळ तुकडा, त्यावर ह्रुदका आणि वर चमचाभर लाल बीट. या जेवणात सहसा काही गरम करत नाहीत. सगळे आदल्या दिवशीच झालेले असते आणि चर्चमधून परतल्यावर लगेच वाढता येते. आशीर्वाद दिलेले अन्न टाकून द्यायचे नसते. अंड्यांची टरफले आणि उरलेसुरले जाळण्याची किंवा पुरण्याची पद्धत आहे.

रशियन पास्खाशी ह्रुदकेची गल्लत होते. तो निराळा पदार्थ आहे. आंबवलेल्या दुधाचे त्वारोग हे ताजे चीज, लोणी, साय, साखर आणि सुकामेवा एकत्र करून तो लाकडी साच्यात पिरॅमिडसारखा थापतात. चवीला तो भरपूर गोड असतो आणि त्याचे मुख्य अंग दुधाचे. ह्रुदकेची खरी नाती वेगळ्या दिशांना आहेत. जर्मनीतल्या काही भागांत आयरकेझे होतो, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर एगोस्ट आणि फिनलंडमध्ये मुनायूस्तो. हे शेवटचे दोन ताक किंवा आंबट दूध घालून केले जातात, त्यामुळे त्यांत अंड्यांचे ओझे कमी. लाटव्हियातले उन्हाळी सणाचे, ओवा-जिऱ्याच्या कुळातल्या कॅरावे बिया घातलेले यान्यू सियर्स हेही अंडी घातलेले, पण त्याचा पाया त्वारोगसारख्या चीजचा आहे.

अमेरिकेत ह्रुदका पोचली ती कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्यांमागून. 1880 च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत या डोंगरांतून, म्हणजे मुख्यतः तेव्हाच्या हंगेरीच्या राज्यातून, स्लोव्हाक आणि रुसिन कुटुंबे मोठ्या संख्येने पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत गेली. पिट्सबर्ग, जॉन्सटाउन, क्लीव्हलँड या शहरांत त्यांच्या वस्त्या झाल्या आणि कांद्याच्या आकाराच्या घुमटांची चर्चे उभी राहिली. चित्रकार अँडी वॉरहोल (1928–1987) हा अशाच घरातला. त्याचे आईवडील ईशान्य स्लोव्हाकियातल्या मिकोवा या रुसिन गावचे आणि त्याचे बालपण पिट्सबर्गच्या ग्रीक कॅथलिक चर्चच्या छायेत गेले. या वस्त्यांतली तिसरी-चौथी पिढी इंग्रजीच बोलते, पण ईस्टरच्या आठवड्यात नळाला टांगलेले गाठोडे अनेक घरांत अजून दिसते. मूळ प्रदेशात परंपरेला निराळा धक्का बसला. 1950 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीने ग्रीक कॅथलिक चर्च बेकायदा ठरवले आणि ते 1968 मध्येच पुन्हा मान्य झाले. देवळे ऑर्थोडॉक्स चर्चच्या ताब्यात गेली. स्वयंपाकघराला मात्र कुणाचा परवाना लागत नव्हता.

ह्रुदका फार टिकत नाही. ओल भरपूर, आंबटपणा नाही आणि मीठ बेताचे, त्यामुळे जिवाणूंना ती सोयीची जागा आहे. झाकून थंडाव्यात ठेवली तर चार-पाच दिवस. परडीत किंवा टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये. गोठवली तर वितळताना पाणी सुटून ती चुरा होते.

करून पाहायची असेल तर पहिल्या खेपेला अर्धे माप घ्यावे: सहा अंडी, अर्धा लिटर दूध, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर. म्हशीचे दूध चालते, मात्र ते बुडाला लवकर लागते, म्हणून आच आणखी मंद ठेवावी. पाणी पारदर्शक होईपर्यंत धीर धरावा, फडके गरम असतानाच पिळावे आणि रात्रभर गार होण्याआधी गाठोडे सोडू नये. काप नुसता खाऊ नये. सोबत काहीतरी खारट, काहीतरी तिखट आणि लोणी लावलेला पाव असावा.